मोर का टॅक्टर

बुधवार, २९ एप्रिल १९८७

उद्या गुरुवार, मग चतुर्थी, म्हणून आजच मासळी उरकली. पुलाच्या पायऱ्यांशी कोपर गावच्या कोळणी बसतात. त्यांतली चंद्रभागा आपली नेहमीची, पण ती बर्फ आणायला गेली होती. टोपलीवर तिची मुलगी. सतरा-अठरा वर्षांची असेल, डोळे जरा वेगळे, बोलणं जड. कोळंबीचा वाटा साडेतीन. मी पाचाची नोट दिली. माझी सवय, नोट चार घड्या घालून रुमालात. ती मुलगी ओल्या हातात घडी धरून मला विचारत होती, "मोर काय गो?" असं काहीसं. त्यांची बोली मला अर्धी कळत नाही. मागे गर्दी. मी हो म्हटलं.

दीड रुपया परत यायचा, आले साडेसहा. पुलाखाली थांबून दोनदा मोजले. बरोबर साडेसहा.

मागच्या आठवड्यात हिच्याच आईने चार रुपयांचे शिळे बोंबील गळ्यात मारले होते. टाकून द्यावे लागले. देव भरपाई करतो ती अशी. त्याचा भाग त्याला द्यावा म्हणून येताना गणपतीच्या पेटीत सव्वा रुपया टाकला. पावणेचार रुपये लेकीच्या, उत्तराच्या, फीच्या डब्यात.

कोळंबी ताजी होती. ह्यांनी दोनदा मागून घेतली.


शनिवार, १३ जून

शीलाताई घरी आल्या होत्या. समाजमंदिरामागच्या दोन खोल्यांत त्या मतिमंद मुलांची शाळा चालवतात. चहा झाल्यावर म्हणाल्या, "मंदाकिनीबाई, मला हिशोब शिकवायला माणूस हवंय."

मी म्हटलं, "अहो, मी साधी मॅट्रिक. बीएड झालेली कुणी बघा."

"बीएडवाल्या दोन येऊन गेल्या. त्या फळ्यावर बेरजा शिकवतात. माझ्या मुलांना बेरीज नकोय, दुकानातून पाव आणता यायला हवा. सुटे परत घेता यायला हवेत. सगळी सोसायटी सांगते, तुमच्या वहीत पाच पैसेसुद्धा चुकत नाहीत."

खरं सांगायचं तर छाती फुगली. लग्नाला वीस वर्षं झाली, रोजचा जमाखर्च लिहिते, त्याला कुणी विद्या म्हटलं नव्हतं. हे हसले. "ठाण्याच्या कचेरीत आम्ही कोट्यवधींचे कागद फिरवतो, आम्हाला कुणी बोलवत नाही." पण नको म्हणाले नाहीत. मानधन महिना साठ रुपये. सोमवारपासून.

देवाला गूळ-खोबरं ठेवलं.


मंगळवार, १६ जून

पहिले दोन दिवस. नऊ मुलं. मुलं म्हणायचं, पण नाथा वीस वर्षांचा आहे, दाराच्या चौकटीला डोकं लागतं. वासंती सगळ्यांना 'आई' म्हणते. मी घाबरले होते ते उगाच.

आज एक नवी आली, शेवंती. सोबत तिची आई. बघते तर चंद्रभागा कोळीण. ती मुलगी तीच. ओळखायला वेळ लागला. बाजारात टोपलीमागे माणूस वेगळं दिसतं.

चंद्रभागा शीलाताईंना सांगत होती, मी खडू पुसत होते. "माजे पोरीला नोट वळखाया शिकवा ताय. वाटा लावते, मासा साफ करते, गिऱ्हाइकाशी बोलते. पन नोट कलत नाय. उन्हाल्यात एकदा पाच रुपये कमी आले. मी इचारलं तर बोलते, बरोबर दिले. मारली तिला. तवापासून टोपलीवर बसवत नाय. मी काय जल्माला पुरनार हाय? दिवालीपत्तूर नाय जमलं तर भावाकडं धाडीन खडवलीला. गुरं राखंल, खाईल."

मुलगी म्हणाली, "नाय जाव."

"गप. तुला कोन इचारतंय?"

पाच रुपये ऐकलं तेव्हा कान गरम झाले. पण बाजारात रोज शंभर गिऱ्हाइकं येतात. आणि मी काही तिच्या कनवटीला हात घातला नव्हता. खडूची पूड नाकात गेली, शिंका आल्या.


शुक्रवार, २६ जून

आज हसून हसून पुरेवाट. सुट्या नाण्यांचा पाठ. नाणी ही मुलं बोटांनी पटकन ओळखतात. दहा पैशाला कडेने फुलासारख्या पाकळ्या, वीस पैशाला सहा कोपरे, पाच पैसा चौकोनी. डोळे बांधूनसुद्धा सांगतात. अडचण नाण्यांची नाही, आपल्या बोलण्याची.

मी फळ्यावर भाव लिहून म्हणून घेत होते. "साडेचार, साडेतीन, पुढे?"

शेवंती म्हणाली, "साडेदोन."

"साडेदोन नाही म्हणायचं गं. अडीच."

"साडेएक," ती पुढे गेलीसुद्धा.

"साडेएक नाही. दीड."

नाथा चौकटीतून, "का?"

का ते मलाही सांगता येईना. लहानपणी पाठ केलं, कुणी का विचारलं नव्हतं. "दीड म्हणजे दीड," मी म्हटलं.

"दीडशहाणा!" नाथा ओरडला आणि वर्ग फुटला. शेवंती पोट धरून हसत होती. नंतर शीलाताई म्हणाल्या, "मुलांचा नियम बरोबर आहे, मंदाकिनीबाई. बोलणाऱ्यांचाच चुकलाय."

हुशार आहे शेवंती. नोटा मात्र खरंच कळत नाहीत. मी पुठ्ठ्याच्या नोटा केल्यात, वर ठळक आकडे घातलेत. पाच आणि दहा समोर धरले की नुसती बघत बसते. आज जरा ओरडले तिच्यावर.


गुरुवार, ९ जुलै

शेवंतीपुढे पुठ्ठा टाकून दिला आणि बटव्यातल्या खऱ्या नोटा काढल्या. पाच आणि दहा, दोन्ही जुन्या, मळलेल्या. पुढून तेच सिंह, तोच रंग गेलेला कागद. तिने हातात घेतल्या आणि उलट्या केल्या. माझ्याकडे बघून हसली.

"ह्यो टॅक्टर. ह्यो मोर."

मीही उलटून पाहिलं. इतकी वर्षं नोटा मोजते, पाठ कधी बघितली नव्हती. पाचावर शेतात ट्रॅक्टर चाललाय. दहावर मोर.

वीसची दिली. "चाक." एकदासुद्धा चुकली नाही. शीलाताईंना हाक मारली, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी विचारलं, "वाटा साडेतीनचा. गिऱ्हाइकाने मोर दिला तर काय परत देशील?"

"एक टॅक्टर, एक रुपया, आठ आने."

"आणि ट्रॅक्टर दिला तर?"

"एक रुपया, आठ आने. साडेएक." आणि डोळा मारला.

"आणि घडी घातलेली नोट असली तर कसं कळतं गं तुला? हात ओले असतात, उलगडली तर फाटेल."

"इचारते ना. मोर का टॅक्टर? ती लोकं सांगतात."

इतकंच. पुढे लिहवत नाही.


शुक्रवार, १० जुलै

२९ एप्रिलचं पान काढून वाचलं. 'मोर काय गो?' माझ्याच अक्षरात आहे. खाली 'मी हो म्हटलं' हेही आहे.

तिचा हिशोब चुकला नव्हता. दहाच्या नोटेला जेवढे द्यायचे तेवढे पैसे तिने बरोबर दिले. चुकीचं मी सांगितलं.

मला मोर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. देवाशप्पथ ठाऊक नव्हतं. पण साडेसहा आले ते ठाऊक होतं. पुलाखाली थांबून दोनदा कशाला मोजले मी? कमी पडले असते तर तिथल्या तिथे परत गेले असते, तावातावाने गेले असते.

वर देवाला त्यातला भाग दिला. चोरीतला वाटा.

संध्याकाळी ह्यांना अर्धंमुर्धं सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पाच रुपये? त्यांनी वजनात तुझे पन्नास मारले असतील आजवर."

कोळणी वजनाने देतात कुठे? वाटा लावतात, डोळ्यांसमोर. पण ते मी बोलले नाही. त्यांनी मला सोडवलं त्याचं क्षणभर बरंच वाटलं होतं.


सोमवार, १३ जुलै

उपास होता. सकाळी पूजेला बसल्यावर मार्ग सुचला. शेवंतीला किंवा तिच्या आईला सांगितलं तर शाळेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हिशोबाची बाई, आणि तिनेच... पण पैसे परत जायला हवेत, ते नक्की. पैसे परत गेले म्हणजे झालं.

पाचाची कोरी नोट घेतली. नुसते पाच देणं बरं दिसेना. प्रायश्चित्ताचे आहेत. म्हणून वर चार आणे, सव्वापाच केले. कागदाच्या पुडीत बांधले, देवापुढे ठेवले, कुंकवाचं बोट लावलं. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर होती तेव्हा शेवंतीच्या पिशवीत तळाला सरकवले.

हलकं वाटलं. संध्याकाळी आरतीला आवाजसुद्धा मोकळा लागला.


शुक्रवार, १७ जुलै

शेवंती बुधवारपासून शाळेत नाही. पाऊस आहे, सर्दी झाली असेल.


मंगळवार, २१ जुलै

शीलाताई काल कोपरला जाऊन आल्या. येऊन खुर्चीत मटकन बसल्या.

"चंद्रभागा पोरीला पाठवत नाही. पिशवीत पुडी सापडली म्हणे. सव्वापाच रुपये, कुंकू लावलेले. सव्वा म्हणजे देवाचे, म्हणते. पोरीने कुठल्यातरी देवळातलं ताट उचललं, नाहीतर पेटीत हात घातला. शेवंती सांगतेय, मी नाय घेतले. पण आले कुठून ते तिला सांगता येत नाही. आईने देवळात नेऊन नाक घासायला लावलं. परवा मामा येऊन गेला. रविवारी खडवलीला नेणार."

मी म्हटलं, "पण चोरी केली कशावरून?"

"मीही तेच म्हटलं. तर ती म्हणाली, ताय, पाच रुपये माणूस देतो. सव्वापाच कोण देतो? खरंच, कोण देतो हो?"

मी फळा पुसायला उठले. फळा पुसलेलाच होता.

घरी आल्यावर देवासमोर बसले पण वर बघता येईना. लपून द्यायचे होते, तर निदान नुसते पाच द्यायचे. तेही मला जमलं नाही. देव्हाऱ्याशी उभी राहून मी त्या मुलीच्या पिशवीत चोरीचा आळ बांधून दिला, आणि वर आरती केली.


गुरुवार, २३ जुलै

काल बाजारात जाऊन आले. चंद्रभागेच्या टोपलीपासून वीस पावलांवर कांदे घेतले. घरात तीन किलो कांदे आहेत. घरी परत आले.

उत्तरा म्हणाली, "आई, तुला काय झालंय? दुधाचे पैसे दोनदा लिहिलेस."


शुक्रवार, २४ जुलै

जसं झालं तसं लिहिते. माझ्या बाजूचं काही घालायचं नाही.

उद्या दिव्याची अवस, परवापासून श्रावण, रविवारी ती जाणार. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी डोंबिवली शेवटची मासळी न्यायला आलेली. ताडपत्रीखाली चंद्रभागा सुरीने मासे साफ करत होती. मागे पोत्यावर शेवंती, हात मांडीत, नुसती बसलेली. मला बघून म्हणाली, "बाय आली!"

चंद्रभागा म्हणाली, "कोलंबी पाचला वाटा आज. भाव करू नको, गटारी हाय."

"चंद्रभागा, जरा बाजूला येतेस? बोलायचंय."

"टोपली कोन बघंल? हितंच बोल."

मी बोलले. "ती पुडी शेवंतीच्या पिशवीत मी ठेवली होती."

सुरी थांबली. "कशाला? माजे पोरीवर नवस बोललीव्हतीस काय?"

शेजारची सरस्वती कोळीण हसली. मी पुढे गेले, थांबले असते तर राहिलं असतं. "तुझे पाच रुपये उन्हाळ्यात कमी आले ते माझ्यामुळे. मी पाचाची नोट दिली. शेवंतीने विचारलं, मोर का? मी हो म्हटलं. तिने दहाचे पैसे परत दिले. मी घेतले."

"तुला ठाव व्हतं?"

"मोर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पैसे जास्त आले ते ठाऊक होतं."

तिने सुरीवरचे खवले पदराला पुसले. मागून कुणीतरी "आटपा की" म्हणालं. मग म्हणाली, "म्हंजे पोरीचा हिसाब बरोबर व्हता."

"बरोबर होता."

"आनि मी मारली तिला. तीन म्हैने बसवली नाय. देवाम्होरं नाक घासायला लावलं, दोनदा." हे माझ्याशी नव्हतं, हातातल्या माशाशी होतं. मग एकदम मान वर केली आणि सगळ्या पायऱ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "ऐकतंस काय गो सरस्वते? मी चोर घरात शोधीत व्हते. चोर हितं टोपलीसमोर उबा ऱ्हाऊन भाव करीत व्हता!"

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई सुरमई घेत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीत पाहिलं, आणि सुटे न घेताच निघाल्या.

मी पाच रुपये पुढे केले. तिने घेतले. नोट उलटून पाठ बघितली आणि मगच घेतले. "आनि ते सव्वापाच? ते परत मिलायचं नाय. मी देवळात टाकून आले. माग देवाकडं."

"नको मला. चंद्रभागा, तिला खडवलीला धाडू नकोस. तिला नोटा येतात. भाव बदलला की किती परत द्यायचे तेवढं राहिलंय, मी शिकवते."

"कुठं? साळंत? तिथं पुठ्ठ्याच्या नोटा. तिथं खोटं बोलनारं गिऱ्हाईक कुठलं?" सुरीच्या टोकाने तिने आपल्या बाजूचं पोतं दाखवलं. "हितं ये शिकवाया. हितं बस. लोकांनी बघूदे."

मी म्हटलं, "परवापासून श्रावण गं."

"मंग? श्रावनात आमचे पोटाला उपास नाय."

शेवंती टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं मी मासळी विकायला येणार.


मंगळवार, २८ जुलै

गेले. आठ ते दहा. सोवळं-ओवळं सगळं घरी ठेवून, जुनं लुगडं नेसून. श्रावणातला पहिलाच मंगळवार, मंगळागौरीचा, मनात हेच चाललं होतं. काहीतरी धरून बसायला हवं होतं.

पोतं ओलं. मासळीचं पाणी पायाखालून वाहत होतं. गिऱ्हाईक कमी, पण ओळखीचे तेवढे सगळे आज तिथूनच गेले. हरितालिकेला माझ्यासोबत पूजेला बसणाऱ्या दोघी थांबल्या. "अगंबाई मंदावहिनी! तुम्ही इथे? श्रावणात?"

मी म्हटलं, "शाळेचं काम आहे."

मागून चंद्रभागा, "साळेचं नाय. सांग की नीट."

मग नीट सांगितलं. एकीने 'शिव शिव' म्हटलं, दुसरीने पदर नाकाला लावला.

मी उत्तराच्या जुन्या परकराची चार कप्प्यांची पिशवी शिवून नेली होती. प्रत्येक कप्प्यावर चित्र टाचलं, मोर, ट्रॅक्टर, चाक आणि नाण्यांसाठी नुसता गोल. शेवंतीने ती कमरेला बांधली ती उतरवेचना. आणि एक नवा नियम शिकवला. विचारायचं नाही, उलटून बघायचं. कुणीही असो, नोट उलगडायची, पाठ बघायची, मग तिच्या कप्प्यात टाकायची.

ती म्हणाली, "फाटंल."

"फाटू दे."

"लोकं सांगतात ना पन."

"नेहमी खरं सांगत नाहीत," म्हटलं. हे शिकवायला मीच मिळाले होते.

येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. अंगाचा वास गेला नाही. पूजेला बसले तशीच.


बुधवार, ५ ऑगस्ट

हे म्हणाले, "कचेरीत विचारत होते. तुमची बायको बाजारात बसते का? काय सांगू?"

"बसते म्हणा."

"का बसते ते?"

"तेही सांगा."

जेवले नाहीत नीट. उत्तरा कॉलेजला जाताना पुलाच्या पलीकडच्या बाजूने जाते. मला दिसते. मी हाक मारत नाही.

शीलाताईंना मी बाजारातल्या कबुलीच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, मला काढून टाका. त्या म्हणाल्या, "काढून टाकून अशी बरी सोडेन तुम्हाला! मोर-ट्रॅक्टरची चित्रं काढा आधी बाकीच्या नऊ जणांसाठी. नाथाला पाव आणायला पाठवायचंय." मानधनाचं पाकीट मी परत केलं, ते त्यांनी ठेवून घेतलं. त्याचं मला थोडं वाईट वाटलं. साठ रुपये होते. वाईट वाटल्याचंही लिहून ठेवते.


शुक्रवार, १४ ऑगस्ट

आज चंद्रभागा मुद्दाम उठून गेली. पूर्ण तास शेवंती एकटी. मी मागे, तोंड बंद ठेवायचं असं ठरलेलं.

बोयी माशांचा वाटा चार रुपये. सहा गिऱ्हाइकं आली. प्रत्येक नोट उलटली. एक गृहस्थ चिडले, "काय बघतेस? खोटी आहे का?" ती म्हणाली, "टॅक्टर हाय. एक रुपया घे." एका बाईने कोळंबीला "अडीचला दे" म्हटलं. शेवंतीने माझ्याकडे पाहिलं. मी टोपल्यांकडे तोंड फिरवलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "साडेदोनला नाय परवडत. साडेतीन."

सगळ्या कोळणी हसल्या. हिशोबात मात्र आठ आणेसुद्धा चुकले नाहीत. चंद्रभागेने येऊन पिशवी उपडी केली, एकेक नोट उलटून मोजली. एक पापलेटाचं डोकं कागदात गुंडाळून मुलीच्या हातात दिलं. "कालवण कर जा. तुज्या कमाईचं."

मामाला त्या रविवारी थोपवलं होतं, आता निरोप गेलाय, येऊच नको म्हणून. दिवाळीपर्यंत बघू म्हणते. दिवाळीपर्यंत म्हणजे तिच्या तोंडून खूप झालं.

मला काही म्हणाली नाही. आजवर एकदाही नाही. "बाय, चहा घे" तेवढं म्हणते, तेही सरस्वतीला म्हणते आणि पेला माझ्यापुढे सरकवते.


बुधवार, २ सप्टेंबर

घरचे गणपती गेले. यंदा दक्षिणेच्या वेळी सव्वा काढताना हात थांबला. नुसता रुपया ठेवला. भटजींनी एकदा पाहिलं आणि पुढचा मंत्र घेतला.

आज श्रावणानंतरची पहिली मासळी. आता मी फक्त शाळेत शिकवते. पोत्यावर बसायची शिक्षा संपली असं कुणी सांगितलं नाही, शेवंतीला माझी गरज उरली नाही इतकंच. म्हणजे आज गिऱ्हाईक म्हणून गेले.

टोपलीवर शेवंती, बाजूला चंद्रभागा चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत बसलेली. माझ्या पुढे एक बाई होत्या. शेवंतीने त्यांची नोट उलगडली, पाठ बघितली, मोराच्या कप्प्यात टाकली. चटचट.

"बाय! कोलंबी? साडेतीन."

मी नोट दिली. वीस वर्षांची सवय, चार घड्या. देताना लक्षात आलं, पण तोवर तिच्या हातात गेली होती.

तिने घडी हातात धरली आणि माझ्याकडे बघून हसत विचारलं, "मोर का टॅक्टर?"

"ट्रॅक्टर," म्हटलं.

ती नोट तशीच ट्रॅक्टरच्या कप्प्यात घालायला लागली.

"शेवंती, उलटून बघ. काय शिकवलं मी?"

"लोकांची बघते. तुजी कशाला? तू सांगलंस ना."

तिने एक रुपया आणि आठ आणे माझ्या तळहातावर ठेवले. "साडेएक," म्हणाली, मुद्दाम, मला चिडवायला. मी हसायला हवं होतं.

मला ठाऊक होतं की ट्रॅक्टर आहे. निघताना स्वतः बघून घेतली होती, दोनदा. तरी मनात तिसऱ्यांदा उलटून बघत होते.

चंद्रभागेने चिंबोरी खाली ठेवली. हात पदराला पुसले. मुलीच्या कमरेच्या पिशवीत बोटं घालून ती घडी बाहेर काढली, चारही घड्या सावकाश मोडल्या, नोट उजेडाकडे धरून पाठ बघितली, आणि मग परत कप्प्यात ठेवली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

माझ्यावर विश्वास न ठेवणाऱ्या त्या एका हाताचं मला आज फार बरं वाटलं.